बंबाने हात उचलला

जावयावर हात उचलणार नाही, अशी जबान बाबामियाँनी जमातीच्या चार बुजुर्गांसमोर दिली होती, आणि बाबामियाँ जबानीचे पक्के. म्हणून शुक्रवारी सकाळी त्यांनी मागच्या अंगणातल्या गॅसच्या बंबाचं झाकण काढलं, बारक्या पायलट ज्योतीमागचा एक नट अर्धा फेर सैल केला, झाकण परत टेकवलं आणि हात धुऊन नाश्त्याला बसले.

तूबा, त्यांची एकुलती एक मुलगी, गेल्या महिन्यात मस्कतहून ओमानमधल्याच निझव्याला माहेरी आली ती डाव्या कानाने बहिरी होऊन. चहा कोमट झाला म्हणून नवऱ्याने कानाखाली लगावली होती, पडदा फाटला. बुजुर्गांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या (तूबाने एकाच कानाने), बिर्याणी खाल्ली आणि निकाल दिला. रागाच्या भरात एखादी लागते. मुलगा माफी मागतोय. शुक्रवारी येईल, बायकोला घेऊन जाईल.

कानात डोकावून कुणी बघितलं नाही. बिर्याणी गरम होती.

जावई यासिर आला तो अत्तर लावून, हलव्याचा डबा घेऊन. मस्कतला तो इमारतींच्या देखभालीच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. म्हणजे दुरुस्त करायचा नाही, करणाऱ्यांवर ओरडायचा.

"सामान भरलं ना तिचं?"

"भरलंय की. फक्त आंघोळ राहिलीय," बाबामियाँ म्हणाले. "बंबाची ज्योत टिकत नाही, बेटा. आणि तुझ्यासारखा माणूस दारात उभा असताना मी मेकॅनिकला फोन केला तर जमात काय म्हणेल?"

यासिरने बाह्या वर सारल्या. बाबामियाँनी अंगणात खुर्ची टाकली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नसीबाने, त्यांच्या बायकोने, मान बाहेर काढली.

"अहो, काय चाललंय तुमचं?"

"माझं? मी खुर्चीत बसलोय."

बंबाचं काम तसं सोपं. बटण दाबून धरायचं, काडी लावायची, ज्योतीशेजारची तांब्याची कांडी तापेपर्यंत थांबायचं आणि मग हळूच बटण सोडायचं. यासिरने दाबलं, पेटवलं, सोडलं. ज्योत विझली. पुन्हा पेटवलं, पुन्हा विझली. तिसऱ्या वेळी त्याने बंबाच्या आईचा उल्लेख केला.

"थांब जरा, साचलेला गॅस जाऊ दे," बाबामियाँ म्हणाले. "मगच काडी लाव."

सल्ला शंभर टक्के खरा होता. बाबामियाँ जावयाला खोटं कधी सांगत नसत.

"मला शिकवू नका, अब्बा," म्हणत यासिरने काडी आत घातली. भक् करून आगीचा लोळ बाहेर आला आणि त्याच्या दोन्ही भुवया आणि मिशीचा उजवा अर्धा भाग घेऊन परत गेला. जळक्या केसांचा वास शेजारच्या खजुरांपर्यंत पोचला.

"लागलं का रे?" बाबामियाँनी प्रेमाने विचारलं.

मग झाकण यासिरच्या पायावर पडलं. मग ते उचलताना पत्र्याने त्याचा तळहात मनगटापर्यंत फाडला आणि पांढऱ्या कुर्त्यावर लाल थेंब टपटपले. बंबाने एवढा हात उचलला, त्यात बाबामियाँचा काय दोष? बंबाने कुणाला जबान दिली नव्हती.

यासिरने मोठा पाना उचलला आणि बंबाला हाणायला सुरुवात केली. एक पोटावर, एक डोक्यावर. पत्रा चेपला, डायलची काच फुटून अंगणभर झाली.

"टिक, हरामखोर! टिक म्हणतो ना!"

बाबामियाँ खुर्चीतून उठले, सिलिंडरचा कॉक बंद केला आणि पुन्हा बसले. हा आवाज आपल्या पोरीने किती वेळा ऐकला असेल, दोन कान होते तेव्हा?

तेवढ्यात तूबा पट्टी आणि पाण्याचं भांडं घेऊन आली.

"हात दाखव. त्याला मारून काय होणार? त्याला ऐकू येत नाही."

यासिर वळला. पाना वरच होता.

"हसतेस? माझ्यावर हसतेस, गो?"

ती हसत नव्हती. पाना खाली आला तो सरळ तिच्या डोक्याकडे, आणि मध्ये बाबामियाँचा हात आला. हात उचलायचा नाही असं वचन होतं. आडवा घालायचा नाही असं नव्हतं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि मनगट भलत्याच दिशेला वळलं.

जावयाने पाना दुसऱ्यांदा उगारला. पण नसीबाने तर कुणालाच वचन दिलं नव्हतं. ती बिडाचा तवा घेऊन आली. तव्यावरची भाकरी आधी उडाली, मग तवा यासिरच्या खांद्यात बसला, मग गुडघ्यावर. यासिर काचांवर आडवा झाला, आणि नसीबा म्हणाली, "भाकरी करपली माझी, मेल्या!"

"खलास, अम्मी, बस झालं," तूबा म्हणाली.

तिने पडलेला पाना उचलला. यासिरने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. तूबा त्याला ओलांडून बंबाकडे गेली, मागचा नट अर्धा फेर आवळला, गॅस सोडला, बटण दाबलं, काडी लावली आणि शांतपणे थांबली. बटण सोडलं. निळी ज्योत, चेपलेल्या पोटात, न हलता जळत राहिली.

"पाणी तापेल आता. रक्त धुऊन घे," ती यासिरला म्हणाली. "आणि जा. एकटा जा."

हॉस्पिटलला जाताना गाडी तूबाच चालवत होती. ओमानात स्टिअरिंग डावीकडे, म्हणून बाबामियाँ तिच्या उजवीकडे, ऐकू येणाऱ्या बाजूला, मोडका हात हलव्याच्या डब्यावर टेकवून बसले होते. वेदनेने घाम फुटला होता.

"तो नट... तुला कसं कळलं?"

"सकाळी नाश्त्याला बसलात तेव्हा हात साबणाने धुतले होतेत, अब्बा. साबणाला बंबाची काजळी होती. एरवी धुता?"

बाबामियाँनी डब्यावरचा हात सावरला. म्हणाले, "प्लास्टर मोठं घालायला सांग डॉक्टरला. कोपराच्या वरपर्यंत."

"का?"

"बुजुर्गांना दाखवायचंय. त्यांना कानाचा पडदा दिसत नाही."