रेंज लागत नाही, जवळ बसा

मित्रांनो, मी एक जुना बटणांचा मोबाइल आहे. मुक्काम गिरणारे गावाच्या पुढे, गोटीरामांच्या मळ्यातल्या घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. काचेला तडा, स्पीकर फाटलेला, सिम काढून घेतलेलं. तरी रडगाणं गायला बसलो नाही हं. आभार मानायचेत, म्हणून बोलतोय.

गोटीरामांनी मला शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून घेतलं. ते गुलाब पिकवतात. फुलबाजारात पाट्या उतरवल्या की चहा पिताना सगळे आपापले फोन शेजारी-शेजारी ठेवायचे आणि ब्लूटूथवरून वणीच्या देवीची गाणी एकमेकांना द्यायचे. वायर नको, काही नको. बटणं दाबायची ती बाजारातली पोरं, गोटीरामांना त्यातलं काही कळायचं नाही. माझ्याकडची गाणी तर निम्म्या बाजाराने नेली. तेव्हाचा माझा थाट काय विचारता! पुढे मोठ्या काचेचा फोन आला आणि मी कपाटात गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण माझ्या पोटात एक गाणं राहून गेलं होतं. गोटीरामांची थोरली बहीण लंकाबाई हळदीची गाणी म्हणायच्या. या घरची रीतच अशी, की पहिलं गाणं आत्याने म्हणायचं, मगच नवरीला हळद लावायची. गोटीरामांची मुलगी योगिनी लहान होती, तेव्हा तिने आत्याला विचारलं, "माझ्या हळदीला काय म्हणशील?" आत्याने फुलं निवडता निवडता गाणं जुळवलं, आणि योगिनीने ते माझ्यात भरून ठेवलं.

गेल्या वर्षी लंकाबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र गेला. आणि या उन्हाळ्यात योगिनीचं लग्न ठरलं.

"आत्याच्या गाण्याबिगर मी पाटावर बसणार नाय," असं तिने सांगूनच टाकलं. तिला मी आठवलो. माझ्या बॅटरीला बसेल असा चिमट्याचा चार्जर शोधून मिळेपर्यंत हळदीची सकाळ उजाडली. मांडवात बायका खोळंबल्या होत्या, हळद कालवून ठेवलेली होती, आणि माझी बॅटरी म्हातारी, दम अगदी थोडा.

माझा स्पीकर फाटलेला, म्हणून योगिनीने गाणं ब्लूटूथवरून वडिलांच्या नव्या फोनकडे पाठवलं. तर गोटीराम तो फोन घेऊन विहिरीच्या बांधाकडे पळत सुटले. या मळ्यात रेंज तिथेच मिळते ना! काही पाठवायचं म्हटलं की घरादाराचे पाय तिकडेच वळतात. माझा हात कुठे एवढा लांब पोचतो? गाणं अर्ध्यात तुटलं.

ते परत आले तेव्हा योगिनी म्हणाली, "नाना, याला रेंज लागत नाय. जवळ बसायला लागतं."

"रेंजबिगर कसं जाईल? येडी का काय तू," म्हणत ते पुन्हा निघाले.

माझी बॅटरी शेवटच्या रेघेवर आली होती. आता तुटलं असतं तर पुन्हा जोडायला मी उरलोच नसतो. लंकाबाईंना हाक मारता येत नव्हती. त्यांनी भावाचा सदरा धरला आणि त्यांना ओढून खालीच बसवलं. नवा फोन काढून घेऊन आपल्या मांडीवर माझ्याशेजारी ठेवला, आणि भावाचा हात काही सोडला नाही. योगिनीने पुन्हा बटण दाबलं. आई सप्तशृंगी, एवढं पोचू दे, मग मला खुशाल विझव, असं मी म्हणत राहिलो.

पोचलं.

गुलाबाच्या मळ्यात गं योगिनी मोठी झाली,
तिच्या हळदीच्या वेळी आत्या धावून आली...

नव्या फोनमधून लंकाबाईंचा खणखणीत आवाज आला आणि बायकांनी पुढची ओळ उचलली. लंकाबाईंचे ओठ हलत होते. गोटीराम बाहीने डोळे पुसत तिथेच बसून राहिले.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुना फोन भंगारात देण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा, आणि तो चालतोय तोवर काढून घ्या. आम्ही लांब पोचत नाही, पण शेजारी बसलात तर असेल नसेल ते सगळं देतो.

लंकाबाईंनी योगिनीच्या गालांना हळद लावली. मग तेच बोट माझ्या तडकलेल्या काचेवर टेकवलं. नवरीनंतर त्या मांडवात हळद लागली ती मला.