पहिल्या पाण्याचा मान

पाहुण्याला न्हाणीघरात धाडल्यापासून मित्सुएचा जीव टांगणीला लागला होता. जपानातल्या कुराओका गावाने अमेरिकेतल्या एल्डर क्रीक गावाशी बहिणीचं नातं जोडायचं की नाही, याचा निकाल उद्या सकाळी सभेत लागायचा होता, आणि त्या गावचा माणूस तिच्याच घरी उतरला होता. ही सगळी टूम तिच्या नवऱ्याची. योशिहारू शाळेत इंग्रजी शिकवायचा. त्यानेच पत्रं लिहून हे इथवर आणलं होतं. पण सभेत वजन मामंजींचं. ते हो म्हणाले तर बाकीचे माना डोलावणार, नाही म्हणाले की सगळं मुसळ केरात.

आणि ते नाहीच म्हणणार, असं तिला आतून वाटत होतं. त्यांचा थोरला मुलगा अमेरिकेशी झालेल्या लढाईत समुद्रातच गेला. घरी आली ती पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी, आत अस्थींऐवजी नुसता एक खडा. त्यानंतर म्हाताऱ्याने त्याचा विषय कधी काढला नाही. पाहुणा आल्यापासून तर ते चकार शब्द बोलले नव्हते. जेवताना आपल्या वाटचा मासा त्याच्यापुढे सरकवला, तोही रिवाज म्हणून.

दार सरकलं. वेंडेल हाफनर, सफरचंदाच्या बागेचा हा धिप्पाड मालक, लालबुंद होऊन बाहेर आला आणि हसून वाकला. मित्सुए आत डोकावली. टब रिकामा! पठ्ठ्याने बूच काढून सगळं पाणी सोडून दिलं होतं, वर टब घासून लख्ख पुसून ठेवला होता. अंग बाहेर धुवायचं, टबात नुसतं बसायचं, आणि त्याच कढत पाण्यात मग एकेक करून अख्ख्या घराने, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. असलं काही सांगावं लागतं, हे तरी कोणाच्या डोक्यात येणार?

मागे मामंजी खांद्यावर पंचा टाकून उभे होते. पाहुण्यानंतरचा मान त्यांचा.

"बघ," ते म्हणाले. "आपण त्याच्या पाण्याला शिवू नये म्हणून सांडून टाकलं."

"तसं नसेल हो मामंजी..."

"तू गप्प बैस."

योशिहारूने पाहुण्याला गाठून काय झालं ते सांगितलं. हाफनरचा चेहरा खर्रकन उतरला.

"तो म्हणतो, माझी घाण तुम्हाला नको म्हणून मी साफ केलं," योशिहारू म्हणाला. मामंजी भिंतीकडेच बघत राहिले.

तोवर हाफनर बादल्या घेऊन अनवाणीच विहिरीवर पोचला होता.

"अहो, आवरा त्यांना!" मित्सुए नवऱ्याला म्हणाली. "पाहुण्याला पाणी भरायला लावलं म्हणून गाव शेण घालेल तोंडात!"

"तूच आवर. रेडा आहे नुसता!"

टब भरला. हाफनर टब तापवायच्या न्हाणीमागच्या चुलीपाशी उकिडवा बसून फुंकू लागला. त्याने लाकडं अशी कोंबली होती की जाळापेक्षा धूरच जास्त. मित्सुएने खुणेने समजावत ती मोकळी करून दिली. पाणी तापलं तसे मामंजी आत गेले.

जाळ घालणाऱ्याने आतल्याला विचारायचं, पाणी बरं आहे का. योशिहारूने ते वाक्य हाफनरकडून घोटून घेतलं. हाफनरने खिडकीखालून अडखळत विचारलं. आतून उत्तर नाही. त्याने पुन्हा विचारलं. पाण्याचासुद्धा आवाज नाही. संपलं सगळं, मित्सुएला वाटलं.

"योशिहारू," आतून घोगरा आवाज आला. "विचार त्याला, लढाईत त्याचं कोण गेलं?"

नवऱ्याने चाचरत विचारलं. हाफनर जाळाकडे बघत थोडक्यात काहीतरी बोलला.

"धाकटा भाऊ. ओकिनावाला," योशिहारूने सांगितलं.

चुलीत एक लाकूड ढासळलं.

"पाणी बरं आहे म्हणावं," मामंजी म्हणाले. "आणि त्याचं अंग धुराने माखलं असेल. माझ्यानंतर त्याने पुन्हा बसावं. मी सोडत नाही पाणी."