ताटातलं तिसरं हळकुंड

अंगदच्या हळदीसाठी जातं मांडलं होतं. खुंट्याला आंब्याची डहाळी बांधून झाली. या घरची रीत अशी, की दर लेकरामागं एक हळकुंड जात्यात पडतं आणि माय त्याच्या नावानं ओवी गाते. आधी थोरल्याची, मग धाकट्याची.

अंगदच्या मायनं, साळूबाईनं, ताटात तीन हळकुंडं ठेवली. धाकट्या जावेनं, पुष्पाबाईनं, त्यातलं एक उचलून डब्यात टाकलं.

"आक्का, दोनच. संध्या आन् अंगद. लगीनघाईत मोजणं चुकलं तुमचं."

साळूबाईनं डब्याकडं पाहिलं. चूक नव्हती ती. संध्याच्या आधी एक लेक झाली होती. कोंबडं आरवताना आली, ऊन अंगणात उतरायच्या आत गेली. नावही ठेवायचं राहिलं. शुभकार्यात तिचा विषय नको, असं सासू म्हणाली होती. संध्याच्या लग्नात साळूबाईला धीर झाला नाही. आता हे घरातलं शेवटचं लग्न. आज ती ओवी राहिली तर कायमची राहिली.

संध्या पुण्याहून आल्ती; तिथं ती दुर्बिणीच्या फोटोंत फुटणारे तारे शोधायची. ती मायसमोर जात्याला बसली. तिला थोडंफार ठाऊक होतं, आणि विचारायचं नसतं हेही ठाऊक होतं.

"आमच्या संध्याचं बरंय बाई," पुष्पाबाई म्हणाली, "फुटलेल्या चांदण्या मोजायचा पगार मिळतो. आमी जन्मभर ढेकळं मोजली, कोणी चहा न्हाई पाजला."

"दिसलेल्या मोजणं सोपं असतं, काकू. न दिसलेल्या छळतात."

"न दिसलेल्या कशा गं मोजता?"

"तुम्ही पेरणीआधी सोयाबीनची उगवण बघता ना, ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून? तसंच. दुर्बिणीच्या फोटोत आम्हीच खोटे तारे पेरतो. त्यातले किती सापडतात ते बघतो. शंभरातले चाळीस निसटले, तर खरेही तसेच निसटत असणार. ते हिशोबात धरावे लागतात."

"निसटतात कोणते?" साळूबाईनं विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदा बोलली.

"मंद उजेडाचे. लखलखीत फुटला तर लांबूनही दिसतो. मंद असला तर जवळ असेल तरच दिसतो, तोही थोडाच वेळ."

"आन् न्हाई धरले तर?"

"मंग समदा हिशोबच खोटा, माय."

साळूबाईनं खुंटा धरला.

"मी लई जवळ होते," ती म्हणाली. "मला दिसली ती."

संध्यानं मायच्या हातावर हात ठेवला. पुष्पाबाईनं दोघींकडं बघितलं. ती या घरात त्या लेकीच्या नंतर आल्ती.

"मला कोणी बोललंच न्हाई, आक्का," ती हळूच म्हणाली. डब्यातलं हळकुंड तिनं काढलं, पदरानं पुसलं आणि ताटात ठेवलं, बाकी दोन्हींच्या आधी.

साळूबाईनं ते जात्यात सोडलं. आवाज आधी घोगरा निघाला, मग जात्याच्या घरघरीत मिसळला.

*पयली माझी ओवी गं, पयल्या माझ्या लेकीला,*
*घडीभर उजेड तिचा, पुरला माझ्या वाकळीला.*

पिवळी धूळ दोघींच्या हातांवर बसत होती. पुष्पाबाईनं डोळे टिपले आणि पुढचं हळकुंड उचललं.

"आन् दुसरी कोणाची?"

आजवर पहिली ओवी जिची होती ती संध्या म्हणाली, "माझी."