जावईबापूंची तपासणी

आत्याच्या कळपातल्या थोरल्या एडक्याचं नाव जावईबापू. खाणं, रुसणं आणि सर्वांआधी खुराकाला तोंड लावणं, ही तिन्ही कामं तो चोख करी. चौथं काम कळप वाढवण्याचं. ते त्या वर्षी फसलं. निम्म्या मेंढ्या गाभणच राहिल्या नाहीत, काही गाभडल्या. जगरहाटीप्रमाणे आत्यानं दोष मेंढ्यांच्या माथी मारला आणि खाटकाला गाडी आणायला सांगितलं. गाडीत पहिली चढणार होती ठेंगणी, आत्यानंच बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. पण ठरलं म्हणजे ठरलं.

गुरांच्या डॉक्टरीणबाई लस टोचायला आल्या होत्या. हा एडक्यांमधून पसरणारा रोग असू शकतो, म्हणाल्या. आधी एडके तपासू.

आत्या हबकली. "अहो, जावयाला कुणी तपासतं का?"

"तपासत नाहीत, म्हणूनच लेकी खाटकाकडे निघाल्यात."

बाईंनी जावईबापूंना मागून चाचपलं. हा मानभंग त्यांनी भिंतीकडे तोंड करून सोसला. एका वृषणाजवळ गाठ लागली. मग तिन्ही एडक्यांचं रक्त प्रयोगशाळेत गेलं.

निकालाचा फोन आला तेव्हा आत्या गोठ्यात होती. तो घेतला तिच्या खऱ्याखुऱ्या जावयानं. जावईबापूंच्या रक्तात रोग निघालाय, आजच वेगळं ठेवा, कुणाजवळ जाऊ देऊ नका, असं बाईंनी घाईत सांगितलं. भला माणूस, वाद न घालता उशी उचलून बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. उलगडा लगेच झाला असता, पण बायकोनं आधी चहा संपवला.

खाटकाची गाडी आली तशी रिकामी गेली नाही. फक्त प्रवासी बदलला. धाकटे दोघे एडके फेरतपासणीतही निर्दोष ठरले आणि कळपाला रोगमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आत्यानं ते फाटकावर लावलं. नवा एडकाही प्रमाणपत्रवाल्याच कळपातून आणला. त्याचं नाव भाडेकरू. भाडेकरूकडे कागद मागता येतात, आणि दरवर्षी तपासलं तरी तो रुसत नाही.

पुढच्या हंगामात ठेंगणीला जुळं झालं. बाळंतपण अडलं होतं, ते डॉक्टरीणबाईंनीच सोडवलं. त्यांचे हात कोपरापर्यंत बरबटलेले; ते धुवायची वाट न पाहता आत्यानं दोन्ही हात आपल्या हातांत धरले. मग ती ठेंगणीच्या कानाशी वाकली.

"चुकलं गं, बाई. आई असून सासूसारखी वागले."