रात्री झोपतो कुठे

मेलेता टीचरने नवऱ्याला, फिलिपोला, एकदाच आणि स्पष्ट सांगून टाकलं होतं. शाळेचे वरचे वर्ग राहिले तर मी बेटावरच राहणार. वर्ग गेले तर तू म्हणशील तिथे येईन, हूं की चूं करणार नाही.

ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला जाण्याच्या सोडतीत त्यांच्या घराचं नाव निघालं होतं. नुकुलोआ बेटावरच्या निम्म्या घरांनी या ना त्या वर्षी अर्ज केला होता, आणि ज्यांचं निघालं ते बोटीत बसले. मेलेताची लेक आधीच ब्रिस्बेनला होती. फिलिपोने चिठ्ठी आली त्याच दिवशी कोणतं डुक्कर कोणत्या भावाला द्यायचं ते मनाशी ठरवलं.

"आकड्यांवर संसार लावतेस होय गं?" तो म्हणाला. "दोनशेच्या वर माणूस आहे का इथे? मला तर चर्चमध्ये माझाच खोकला ऐकू येतो."

"मुलं मोजतायत. कळेल."

"कळेल काय? डोळे आहेत की मला."

वरून आलेला नियम साधा होता. ज्या बेटावर दोनशे माणसं नाहीत तिथले सहावीपासूनचे वर्ग बंद, मुलं राजधानीच्या बेटावर वसतिगृहात. जुनी जनगणना कुणी खरी मानत नव्हतं, म्हणून शिक्षण खात्याचा माणूस स्वतः येऊन बेटाच्या पंचायतीकडून ताजा आकडा घेणार होता. पंचायतीचे प्रमुख पेनिएलू म्हातारे होते, पण कामं दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात तरुण. ते म्हणाले, "मेलेता, तुझी सहावी ते कॉम्प्युटरवर लोकसंख्या की काय शिकतेय ना? मग त्यांनाच मोजू दे. आमचे गुडघे वाचतील."

मेलेताला हे बरंच वाटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिला तर नऊ मुलं आणि तीन लॅपटॉप मिळाले होते. तिने मुलांना शीट आखून दिलं: घर, नाव, वय, मुलगा की मुलगी. आणि शेवटचा रकाना, 'रात्री झोपतो कुठे'. हा रकाना तिने मुद्दाम घातला, कारण बेटावरची पोरं तीन घरी जेवतात आणि चौथ्या घरी स्वतःला मोजून घेतात. "एक माणूस, एक ओळ," तिने सांगितलं. "आणि खरं तेच लिहायचं. आपल्याला आवडेल ते नाही."

ओळी कशा लावायच्या, बेरीज कशी काढायची, फिल्टर लावून बारा वर्षांखालची मुलं तेवढी कशी बाजूला काढायची, नको तो रकाना कसा झाकायचा आणि पुन्हा कसा उघडायचा, सगळं तिने जीव ओतून शिकवलं. तेपोला नावाची मुलगी सगळ्यात आधी शिकली. तेपोला हुशार होती, आणि त्या हुशारीचा दुसऱ्यांनाच ताप जास्त. शेजारच्याचं चुकलेलं तिला बघवत नसे.

मुलं घरोघर फिरून आली. सगळ्यांच्या ओळी एकत्र केल्या आणि तेपोलाने बेरीज काढली. तीनशे अकरा.

मेलेताच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. मग तिने ओळी वाचायला घेतल्या.

"योआने, इकडे ये. लागी आजीच्या घरात सहा माणसं कुठली रे? म्हातारी एकटी राहते."

"आजी म्हणाली, लिही. मी लिहिलं."

"हे पाऊलो आजोबा! त्यांना पुरलं त्या दिवशी तूच दोन केक हाणलेस ना?"

"तीन, टीचर." योआने जराही शरमला नाही. "पण मी आजीला विचारलं ना, रात्री कुठे झोपतात म्हणून. ती म्हणाली, अंगणात. मग मी 'अंगणात' लिहिलं."

वर्ग खिदळला. मेलेताला हसू आलं नाही. म्हातारी खोटं बोलली नव्हती. पाऊलोची कबर दारासमोरच होती, वर पत्र्याचं छप्पर होतं, आणि उकाडा झाला की लागी तिथेच चटई टाकून त्याच्या शेजारी आडवी होई. बाकीची चार तिची मुलं. एक अठरा वर्षांपूर्वी गेला तो परत आला नाही, तरी 'ऑकलंड' म्हणून तिच्या घरात मोजलेला. घरोघर हेच होतं. कुणी 'कुटुंबात किती' म्हणून विचारलं की नुकुलोआचा माणूस घरातून गेलेल्यांपासून सुरुवात करतो.

शाळा सुटल्यावर मेलेताने शेवटच्या रकान्यावर फिल्टर लावला. नुकुलोआवर झोपणारे तेवढेच. एकशे एकोणचाळीस.

ती पेनिएलूंच्या घरी गेली. म्हातारे पुलाकाचे कंद सोलत बसले होते. त्या मोठ्या अळूचे खड्डे खारं पाणी शिरून खराब झाले होते, आणि आता कंद मुठीएवढेच येत.

"काका, आकडा चुकलाय. मुलांनी गेलेली माणसंही मोजली."

"मग चुकला कुठे?" म्हाताऱ्यांनी सुरी थांबवली नाही. "सणाला वाटे घालतो तेव्हा ब्रिस्बेनला गेलेल्याचा वाटा ठेवतो की नाही आपण? त्याच्या भावाच्या दारात पोचवतो की नाही? ज्याचा वाटा आहे तो बेटाचा माणूस आहे. हे माझ्या आजाने शिकवलं, त्याला कॉम्प्युटर येत नव्हता."

"पण ते विचारतायत इथे कोण राहतं."

"मेलेता, तुला शाळा हवी की नको?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं आणि ते तिलाच आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलं जेवायला गेल्यावर तिने शेवटचा रकाना झाकून टाकला. एक अक्षर पुसलं नाही, फक्त झाकलं. वीस वर्षं मुलांच्या वह्यांतल्या खाडाखोडी पकडणाऱ्या बाईने ते केलं.

शुक्रवारी सभाघर भरलं. म्हणजे बेटावर होते नव्हते ते सगळे आले, तरी मागच्या चटया रिकाम्याच होत्या. खात्याचा माणूस सेलुका तरुण होता, बोटीने हैराण झालेला. त्याच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढवला, पुढ्यात मासा आणि शहाळं ठेवलं. चर्चचा प्रोजेक्टर आणला होता. समोर पांढरी चादर ताणली आणि तिच्यावर सगळ्या बेटाची नावं उमटली. लोक आपापलं नाव शोधून एकमेकांना कोपराने ढोसू लागले.

तेपोला उभी राहिली. तिच्या केसांना आईने इतकं तेल चोपडलं होतं की ते चमकत होते.

"नुकुलोआची लोकसंख्या तीनशे अकरा," ती खणखणीत म्हणाली.

सगळ्यांनी जमिनीवर थापा मारल्या. सेलुकाने आकडा लिहून घेतला. "छान. मला एवढंच हवं होतं," तो म्हणाला आणि पेनचं टोपण लावलं. मागे बसलेल्या फिलिपोने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सर, अजून आहे," तेपोला म्हणाली. "एक रकाना चुकून झाकला गेलाय. मी उघडते."

"तेपोला, राहू दे. बस खाली."

"टीचर, दोनच सेकंद! तुम्हीच शिकवलंय ना." आणि ती सेलुकाकडे वळली. "आमच्या टीचरनी शिकवलंय, सर. बेटावर रात्री झोपणारे तेवढेच काढता येतात. बघा."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण त्या दांड्याला कसं बोलावं? पोरीचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

तिने बटण दाबलं. चादरीवरच्या ओळी गायब झाल्या आणि उरलेल्या वर सरकल्या. लहान मुलं हसली, त्यांना जादू वाटली. मोठी माणसंही आधी हसली. मग ज्याचा त्याचा माणूस दिसेना. एक बाई उठून चादरीजवळ गेली आणि मुलाचं नाव जिथे होतं तिथे तिने हात लावून पाहिला.

"माझा पाऊलो कुठे गेला?" लागी आजीने मोठ्याने विचारलं. "तो तर इथेच होता."

"आजी, ते 'अंगणात' असं वेगळं लिहिलं होतं ना," तेपोला समजावू लागली, "म्हणून ते..." आणि पहिल्यांदाच तिला पुढचं सुचलं नाही.

खाली बेरीज होती. एकशे एकोणचाळीस. सेलुकाने टोपण काढलं, आधीचा आकडा खोडला आणि नवा लिहिला. माणूस दुष्ट नव्हता. लिहिताना त्याने वर पाहिलं नाही. मग घसा साफ करून म्हणाला, "काम फार सुंदर केलंय मुलांनी. बाकीच्या बेटांवरच्या शाळांना दाखवायला हवं."

तेपोला मेलेताकडे बघत उभी होती. सगळं सभाघर गप्प झालं होतं आणि का ते तिला कळत नव्हतं. आपलं काही चुकलं का, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

"शाब्बास," मेलेता म्हणाली. "शाब्बास, पोरी. अगदी बरोबर."

पोरीला कुणी एका शब्दाने बोललं नाही. पेनिएलूंनी तर आपल्या पानातला माशाचा मधला तुकडा तिच्यापुढे सरकवला.

घरी जाताना फिलिपो जिंकल्यासारखा चालत नव्हता. "बोट पुढच्या महिन्यात आहे," तो हळूच म्हणाला. मेलेता हूं की चूं करणार नव्हती.

बोटीच्या आदल्या दिवशी ती वर्ग आवरायला गेली तेव्हा तेपोला लॅपटॉप उघडून बसलेली होती. वसतिगृहाला जाणारी मुलंही त्याच बोटीने निघणार होती. भिंतीवरचे तक्ते काढून झाले होते.

"टीचर, शीट नवं करून ठेवतेय. आम्हा नऊ जणांचं केलं, 'राजधानी' लिहिलं. आता तुमचं आणि फिलिपोकाकांचं राहिलं."

"आमचं असू दे तसंच."

"तसंच म्हणजे?"

"इथेच लिही. नुकुलोआ." आपण कुणासारखं बोलतोय हे मेलेताला बोलता बोलताच कळलं. "आम्ही इथलेच ना गं. नुसते जातोय."

तेपोलाची बोटं थांबली. टीचरला दुखवायचं नव्हतं, आणि चुकलेलं तर तिला बघवत नव्हतं. ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "पण टीचर, रात्री झोपणार कुठे?"

मेलेता खिडकीशी गेली. लागीच्या अंगणात चटई टाकलेली इथूनही दिसत होती.

"ब्रिस्बेन," ती म्हणाली.

तेपोलाने दोन्ही ओळींत लिहिलं, एकही अक्षर न चुकता. मग फिल्टर लावला. मेलेताचं नाव होतं तिथे खालचं नाव वर सरकलं.

"बरोबर ना, टीचर?"

"बरोबर," मेलेता म्हणाली.