ल्यूथरच्या गाडीतली राख

आर्डिसने बरणी माझ्या टेबलावर ठेवली, पण झाकणावरचा हात काही काढला नाही.

"यात दुसरं काही मिसळायचं नाही, लिओटा. चिमूटभरसुद्धा नाही."

नऊ वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमचा सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला, तेव्हा तिचा नवरा ल्यूथर वरच्या तळ्यावर मासे धरायला गेला होता. पुढे त्याची गाडी सापडली, खिडक्यांपर्यंत राखेने भरलेली. ल्यूथर सापडला नाही. तो बसायचा त्या सीटवरची राख आर्डिसने ओंजळीने बरणीत भरून आणली. त्याची कबर नाही. आहे ती ही बरणी. आता पुढच्या शनिवारी लेकीचं, जॉयलिनचं लग्न होतं, आणि बापाच्या राखेचा हिरवा खडा तिच्या गळ्यात असावा एवढीच आर्डिसची इच्छा होती.

"नुसती राख वितळवली तर काच काळी होते गं," मी म्हणाले. "आमच्या दुकानातले राखेचे खडे हिरवे दिसतात ते आम्ही वाळू, सोडा आणि रंगाची भुकटी घालतो म्हणून."

"माझा ल्यूथर होईल हिरवा," ती म्हणाली आणि हात काढून घेतला.

बुधवारी मी ती राख भट्टीत घातली. भट्टीच्या भोकाशी काळी काच धरून बघत बसलं की वेळेचं भान राहत नाही. राख आधी दमल्यासारखी खाली बसते. मग तिला घाम फुटतो. मग कुणी झोपेत कूस बदलावी तशी ती एकदा हलते आणि मधासारखी सपाट होते. मी स्तोत्रं म्हणत होते. कुठलं संपलं आणि कुठलं सुरू झालं ते कळलं नाही. नंतर दोन दिवस दार उघडायचं नाही. घाईने गार झालेली काच आतून तडकते.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं. आत काळाकुट्ट गोळा.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. प्रभूसाठी धरलेला अठरा वर्षांचा नेम आहे, आणि दुकानाचा मालक ड्यूई त्याची भरपूर थट्टा करतो.

"अरे देवा, हा तर कोळसा!" तो खांद्यावरून डोकावला. "आर्डिस रडेल बघ. एक काम करू. खणातला एखादा छान हिरवा काढून देऊ. राख ती राखच, याच डोंगराची. काय म्हणतेस?"

मी मानेनेच नाही म्हटलं, पण त्याची पाठ होती. तो खण उपसत होता.

"नाही म्हणत नाहीस ना? मग झालं तर!"

टेबलावर पेन्सिल पडलेली होती. मी ती उचलली नाही. आर्डिसचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि माझी मुकी जीभ मला सोयीची वाटली. ते मी प्रभूपाशी कबूल केलं आहे.

सव्वाअकराला आर्डिस आली. तिने डबी उघडली. खडा कोवळ्या पाल्यासारखा लखलखला.

"म्हटलं नव्हतं? झाला की नाही हिरवा!" तिने तो गालाशी लावला आणि डोळे मिटले. "किती गार आहेस रे."

"आर्डिस," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "तो ल्यूथर नाही."

ड्यूईने कपाळाला हात लावला. "अठरा वर्षांत आजच तोंड उघडायचं होतं हिला!"

आर्डिसने हिरवा खडा डबीत ठेवला, जणू दुसऱ्याचं मूल कडेवरून खाली उतरवावं तसा.

"माझा कुठाय?"

मी काळा गोळा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो उलटासुलटा केला.

"इतका काळा?"

"पातळ घासून बघू या," मी म्हणाले. "उजेड किती जाईल, सांगता येत नाही."

"घास मग."

मी एक काप काढून चाकावर धरला. आर्डिस शेजारी उभी राहून त्यावर पाणी सोडत होती. नखाएवढा पातळ झाला तेव्हा मी तो पुसून तिच्या हातात दिला. ती खिडकीपाशी गेली. उजेड आत शिरला आणि काळा रंग मागे सरला. हिरवा म्हणावा तर धुरकट, आणि मधोमध एक इवलासा बुडबुडा.

"गढूळ आहे," ती म्हणाली. "जॉयलिन म्हणेल, हा कसला खडा."

"म्हणेल खरं."

"म्हणू दे." तिने काच डोळ्याशी धरली आणि बाहेर बघत राहिली, रस्ता, देवदार, फाटकाशी जाऊन उभा राहिलेला ड्यूई. "सगळं तळ्याच्या तळाशी असल्यासारखं दिसतंय, लिओटा. किती शांत आहे गं तिथं."

"आर्डिस, रागावलीस का?" ड्यूईने बाहेरूनच विचारलं.

"गप रे," ती म्हणाली, काच डोळ्यावरून न काढता. "पाण्याखाली बोलायचं नसतं."