मोरूची उसण

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. यात माझी हुशारी ती काय? पण आमच्या मोहने गावात कोणाच्या कंबरेत उसण भरली की पहिली हाक मला. पायाळू माणसाने डावा पाय तीनदा लावला की उसण उतरते म्हणतात. उतरत असेल. मी जेवत असते, कपडे धूत असते, लोक येतात, ओटीवर पालथे पडतात आणि म्हणतात, "तुळसा, मार." मी मारते. ते उठतात नि कंबर हलवत चालू लागतात. लाथ मारणारीचे आभार कोण मानतो? आणि हीच माणसं पावसात वीज कडाडली की माझ्यापासून लांब सरकतात, कारण पायाळू माणसावर वीज पडते. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

या सगळ्याला हसणारा गावात एकच माणूस, आमचे शेजारी दामाजी भावजी. कारखान्यात मशीनवर जन्म गेला त्यांचा. "वयनी, लाथेने उसण जात असती तर दवाखाने कशाला बांधले असते?" असं चारचौघांत म्हणायचे. मला राग यायचा, पण बोलायला जागा नव्हती, कारण मलाही तेच वाटायचं.

मग ते रिटायर झाले, मागोमाग बायको गेली, आणि त्यांच्या घराचं दार बंदच राहायला लागलं. मुलगा सहदेव जहाजावर. ब्याण्णव साली तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने मुंबईहून एक पिंजरा आणला. आत हॅमस्टर. म्हणजे उंदीरच, पण शेपटीचा पत्ता नाही, गालात दाणे भरून ठेवणारा, आणि चाकावर रात्रभर पळून कुठेच न पोचणारा. "बाबा, तुम्हाला सोबत," म्हणाला आणि गेला परत. भावजींनी आधी त्या उंदराला भरपूर शिव्या दिल्या. मग त्याचं नाव मोरू ठेवलं. मग मला भिंतीपलीकडून ऐकू यायला लागलं, "मोरू, जेवलास का? मोरू, आज बाजारात काय महागाई रे." बायकोशी एवढं बोलले नव्हते कधी.

हा मोरू एक दिवस फळीवरून खाली पडला. मागचे दोन पाय ओढायला लागला, खाणं बंद. भावजी त्याला बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून कल्याणला गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, मी म्हशी बघतो. माझी सुई याच्या पायापेक्षा जाड आहे. मणक्याला मार बसलाय. ऊब द्या, थेंब थेंब पाजा आणि वाट बघा." भावजींनी पिंजऱ्यावर बल्ब लावला. फुलवात दुधात बुडवून त्याच्या तोंडाला लावत बसायचे. शेंगदाणे कुटून पीठ करायचे. मोरू तोंड फिरवायचा. आधी जो उठसूट बोटाला चावायचा, तो आता बोट पुढे केलं तरी हलत नव्हता, आणि भावजींना त्याचंच जास्त लागलं होतं.

आणि एका दुपारी ते डबा घेऊन माझ्या ओटीवर आले.

"वयनी, याला उसण भरली असंल का?"

मी म्हटलं, "भावजी, दवाखाने कशाला बांधलेत मग?"

"मार ना आता टोमणे. मार हवे तेवढे. पण पाय लाव," असं म्हणून त्यांनी डबा माझ्या पुढ्यात ठेवला. "हा पण गेला तर मी घरात कोणाशी बोलू?"

मी पदर खोचला. पण भीती वाटली. माझी चप्पल आठ नंबरची, आणि तो उंदीर लिंबाएवढा. उद्या मेला तर गाव म्हणणार, तुळसाने चिरडला. अंगठ्याशेजारच्या बोटात जोडवी, ती काढायची तर नवरा जिवंत आहे माझा. शेवटी करंगळी ठरली. मी पाटावर बसले, भावजींनी मोरूला फडक्यावर पालथा ठेवला, आणि मी करंगळी अशी टेकवली की मलाही कळू नये.

एक. दोन.

तिसऱ्यांदा मोरू मान वळवून करंगळीला कचकन चावला.

मी ओरडले, पाय वर, पाट एकीकडे, मी एकीकडे, आणि कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे. भावजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डबा छातीशी धरून ते रडत होते. "चावला. वयनी, चावला गं."

चावला तो चावला, त्याच संध्याकाळी दाणेही खाल्ले. आणि मी चटईवर पडून. गावभर लाथा वाटल्या, आता मला कोण मारणार? विठ्ठलवाडीची एक पायाळू म्हातारी होती, ती केव्हाच वारली. माझ्या नवऱ्याने हौसेने पाय पुढे केला होता, पण तो सरळ जन्मलेला.

चार दिवसांनी भावजी आले. हातात मोरू. म्हणाले, "तू त्याला पाय लावलास, आता तो तुला लावंल."

"तो काय पायाळू आहे?"

"नसंल कशावरून? जन्माला तू होतीस का हजर?"

मी पालथी पडले. भावजींनी मोरूला हळूच पाठीवर सोडला. आधी पुढचे दोन पंजे लागले, गार, टाचणीच्या डोक्याएवढे. मी मागचे पाय लागायची वाट बघितली. काहीच नाही. मग मागून एक लागला, अडखळला, पुन्हा टेकला. मग चौथा. चारही पायांनी तो माझ्या कंबरेवरून चालत गेला. मी उशीत तोंड खुपसून रडले.

"गेली का गं?" भावजींनी विचारलं.

उसण तिथेच होती, तसूभरही हलली नव्हती. "गेली," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेऊन आले.

तोवर भावजींनी गावभर केलं होतं की मोरू पायाळू आहे आणि तुळसापेक्षा हलका आहे. आता माझ्या ओटीवर कुत्रं फिरकत नाही. भावजींच्या दाराबाहेर मात्र चपलांचा ढीग असतो. लोक पालथे पडतात, मोरू चालतो, भावजी चहा ठेवतात आणि कारखान्याच्या गोष्टी सांगतात.

परवा पुन्हा कळ आली म्हणून मी गेले. "बस वयनी," भावजी म्हणाले, "मोरू झोपलाय. तुझ्या आधी तिघे आहेत."

मी बसले. चहा बरा करतात.